टेपमधला पंढरी

सातपाटीच्या बँडात पंढरी मेहेर क्लॅरिनेट वाजवायचा. हळदीला लोक टेप लावू लागले तशी बँडाची बोलावणी आटली, आणि १९८३ साली तो बोईसरच्या एका कापड कारखान्यात हेल्पर म्हणून लागला.

त्याच वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला साहेबांनी त्याला क्लॅरिनेट घेऊन यायला सांगितलं. पाहुण्यांसमोर त्याने तासभर वाजवलं. ते टेपही झालं. महिनाअखेरीस पाहतो तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापलेली. टाइमकीपर म्हणाला, त्या वेळी तू मशीनवर नव्हतास. पंढरीला ते पटलं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा तो मशीन सोडून हलला नाही.

कारखान्याचं काही अडलं नाही. मांडवात त्याचीच टेप लावली. नऊ वर्षं तीच लागत राहिली.

पैशाचं दुःख होतंच, पण जाच वेगळा होता. दुसऱ्या गाण्यात पंढरीचा वरचा सूर चिरकला होता. तो दर वर्षी त्याच जागी चिरकायचा, आणि शेजारच्या मशीनवरचा रामसुमेर कौतुकाने मान डोलवायचा.

शेवटी तो पर्सोनेल ऑफिसर कमलाकांत राऊतांकडे गेला. नव्याने वाजवतो, बँडाच्या दराने पंच्याहत्तर रुपये द्या, म्हणाला. राऊत म्हणाले, चूक कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय वाजवणं हा छंद, छंदाला पगार नसतो.

बायको बायडीने सुचवलं, एकदा फुकट वाजवून मोकळा हो.

"नाय," पंढरी म्हणाला. "चूक माझी हाय. पन टेप त्यांची हाय."

१९९३ साली कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टेपरेकॉर्डरने ती फीत चावून टाकली. राऊत स्वतः खात्यात आले. पंढरीने हात पुसले आणि अटी सांगितल्या: पंच्याहत्तर रुपये, हजेरी पूर्ण, आणि टेप करायची नाही. राऊतांनी मान्य केलं.

दुसरं गाणं स्वच्छ गेलं.

"इस बार कुछ कम था," रामसुमेर म्हणाला.

पैसे देताना कारकुनाने व्हाउचरवर 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलं, कारण वाजवण्याचं खातंच नव्हतं. पंढरीने ते खोडायला लावलं. क्लॅरिनेटचं इंग्रजी स्पेलिंग ऑफिसात कुणाला येईना, म्हणून मराठीत 'क्लॅरिनेट वाजवणे' लिहिलं. मग त्याने सही केली.

पुढच्या वर्षी कंपनीने मुंबईहून ऑर्केस्ट्रा आणला. त्यांनी पैसे आगाऊ घेतलेत ना, हे पंढरीने राऊतांना आधी विचारून घेतलं. मग मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहून त्याने सगळा कार्यक्रम ऐकला.