त्याने बंद केलेला व्हॉल्व्ह

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही बोललो नाही.

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर, एक कामगार माझ्या हाताखाली मशीनवर होता. वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला की त्यावर थाप मारून मोठ्याने म्हणायचा, "बंद झाला." पोरं टोमणे मारायची, "घरात कोणी ऐकत नाही, म्हणून लोखंडाशी बोलतो." तो हसायचा. "तोंडानं बोललं म्हणजे ध्यानात राहतं."

एकदा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि माल खराब झाला. शेटने विचारलं तेव्हा मी त्याचं नाव घेतलं. खरं तर त्याने बंद केल्यावर तो मीच पुन्हा उघडला होता.

"मी बंद करेल व्हता," तो म्हणाला.

"नव्हता. मी पाहिलं ना."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. "भाऊ, तुम्ही सांगतस तर राही गया व्हई."

पुढे तो स्वतःच ती चूक तपशिलाने सांगू लागला. त्या दिवशी अंगात ताप होता, घाई होती. न घडलेलं त्याला आठवू लागलं होतं. दुसऱ्याच्या ठाम शब्दापुढे माणसाची आठवण अशी वाकते, आणि वाकवणारा मी होतो.

आता आम्ही दोघं एकाच गल्लीत राहतो. कुलूप लावून तो कोपऱ्यापर्यंत जातो, परत येऊन ओढून पाहतो, तरी धीर होत नाही. मग माझ्या ओट्याशी थांबतो, कारण माझ्या नजरेवर त्याचा विश्वास आहे.

"भाऊ, कुलूप लागनं ना?"

"लागलं."

"व्हॉल्व्हही तू बंद केला होतास, मला माफ कर," एवढंच पुढे म्हणायचं असतं. तोवर तो निघून गेलेला असतो, आणि मी त्याला हाक मारत नाही.