हयात माणसांची शोकसभा

प्रिय रेवा आणि ईशान,

रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की तुम्हा दोघांना पॉडकास्ट काढायचा आहे, पण त्याचा फॉरमॅट ठरत नाही. मी काही बोलणार तेवढ्यात ‘आजीला यातलं काय कळतं’ म्हणून हसलात. मला कळतं. फॉरमॅट बदलून अख्खं गाव हादरवणारा एक माणूस मी जवळून पाहिला आहे. फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझा क्रम चुकतो, म्हणून लिहून पाठवते.

तो माणूस म्हणजे शोकसभेवाले काकाजी, तुमच्या आजोबांचे मित्र. तीस वर्षं त्यांचं भाषण झाल्याशिवाय यवतमाळात माणूस पुरता मेला असं कोणी धरत नसे. आपल्याकडे चितेला अग्नी दिला की मंडळी लगेच घरी परतत नाहीत. मोक्षधामाच्या शेडखाली बसतात आणि कोणीतरी उठून गेलेल्याविषयी चार शब्द बोलतं. काकाजी चार हजार बोलत. चिता विझे, काकाजी विझत नसत. त्यांची नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची होती. कापूस चिमटीत ओढून धागा किती लांब ते सांगायचं. हीच मोजपट्टी ते माणसांना लावत. ‘लांब धाग्याचा माणूस गेला’ या वाक्यावर प्रत्येक भाषण संपे. त्यांच्या हिशेबाने यवतमाळात आखूड धाग्याचं कोणी आजवर मेलेलंच नाही. ते सगळे अजून आपल्यातच आहेत.

तयारी मात्र चोख. इस्त्रीचा पांढरा सदरा कायम खुंटीला, खिशात वही. कोणी आजारी पडलं की हे भेटायला जात आणि उशाशी बसून शिक्षण कुठवर झालं, लग्न कोणत्या साली, अशी चौकशी करत. आमच्या शेजारचे गुरुजी पित्ताशयाच्या खड्यांसाठी दवाखान्यात होते. “गुरुजी, पयली नेमनूक कोन्त्या गावची जी?” एवढंच काकाजींनी विचारलं. गुरुजी त्याच संध्याकाळी घरी आले. “ऑपरेशनची भीती नव्हती हो,” मला म्हणाले, “त्या वहीची वाटली.”

हे बोलणं त्यांना एकदाच महागात पडलं. एकोणीस वर्षांपूर्वी महागावला त्यांचे वडील वारले. काकाजी तिथे तासभर बोलले. वडिलांची विहीर आली, वडिलांचा राग आला, दोन्ही बैल नावानिशी आले. अकरा वर्षं वडिलांना सांभाळणारा थोरला भाऊ तेवढा भाषणात आला नाही. थोरल्याने सगळे विधी नीट पार पाडले आणि धाकट्याशी बोलणं बंद केलं. काकाजी दर पोळ्याला महागावला जात आणि दारातूनच परत येत. या एका गोष्टीवर मात्र ते चार शब्दही बोलत नसत.

पॉडकास्टची कल्पना त्यांच्या सुनेची. आमच्या पिढीतल्या बायका मोक्षधामात जात नाहीत, तर निदान घरबसल्या भाषण ऐकतील. तुमच्या आजोबांवरचं भाषण मी तेराव्यानंतर असंच ऐकलं. त्यात आजोबांनी भर पुरात पैनगंगा पोहून पार केली होती. अंगणात साचलेलं पाणी ओलांडायलाही माझा हात धरणारा माणूस! मी समास सोडून, क्रमांक घालून अकरा चुका लिहिल्या आणि कागद काकाजींच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“खरं हाये तुमचं, वैनी. पन मेलेला मानूस दुरुस्ती कशी सांगन?” कागदाची घडी करून वहीत ठेवली. मग म्हणाले, “फॉर्म्याटच बदलतो. आता जित्या मानसायची शोकसभा. ज्याची हाये त्यानं सोता ऐकाव, चूक असन तं सांगाव.”

कल्पना वाईट नव्हती. फक्त काकाजींना सुरुवात बदलता आली नाही. जिभेला तीस वर्षांची सवय. नव्या फॉरमॅटचा पहिला भाग एका निवृत्त पोस्टमास्तरांवर होता: “अत्यंत दुःखद अंतःकरणाने कळवतो की पोस्टमास्तर साहेब हयात आहेत.” लोकांनी ‘अंतःकरणाने’पर्यंत ऐकलं आणि भाग पुढे पाठवला. दुपारच्या एसटीने दारव्ह्याहून पोस्टमास्तरांची बहीण रडत आली, तेव्हा ते अंगणात भजी खात होते. तिने डोळे पुसले आणि त्यांनाच झापलं. पुढच्या भागासाठी काकाजींनी एका किराणा दुकानदाराच्या घरी फोन लावला, “तुमच्या मालकावर भाग करून राह्यलो.” त्याच्या बायकोने हंबरडाच फोडला: “काहून जी? का झालं आमच्या यायले? आत्ताच तं चार पोया खाऊन गेले!”

काकाजी दिसले की लोक गल्ली बदलू लागले. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, “भाऊजी, बंद करा हे.”

“एकच भाग राह्यला, वैनी. महागावचा. बाकीचा सारा सराव होता.”

तो भाग त्यांनी माझ्या घरी, पुढच्या खोलीत रेकॉर्ड केला. मी पंखा बंद केला आणि दाराशी बसले. हा माणूस अडखळताना मी पहिल्यांदाच पाहिला. दुःखद अंतःकरण आलं नाही, लांब धागा आला नाही. “दादा, तू अकरा वर्सं बाबाले जेवू घातलं. मी ते बोल्लो नाही. मले वाटलं, साऱ्यालेच माहीत हाये, कायले सांगाव?” सहा मिनिटांत संपलं.

आठ दिवस काहीच नाही. रोज सकाळी काकाजी माझ्या फाटकाशी येऊन विचारत, “ऐकला असन का जी?” जसं काही मीच महागावला राहते.

नवव्या दिवशी चौऱ्याऐंशी वर्षांचे दादा काठी टेकत एसटीतून उतरले. दुरुस्ती सांगायला आलो म्हणाले, म्हणून काकाजी त्यांना माझ्याकडेच घेऊन आले. दादा बसले नाहीत, पाण्यालाही हात लावला नाही.

“मी जेवू घातलं? मले चहा तरी करता येते का? तुह्या भावजयनं घातलं! रोज, दुधात भाकर कुस्करून. तिचं नाव काहून नाही घेतलं बे?”

ती भावजय जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिच्या शोकसभेच्या वेळी काकाजी महागावच्या स्मशानाच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते, हे मला त्या दिवशी कळलं.

काकाजींनी मोबाइल दादांपुढे सरकवला. “पुन्हा चुकलो, दादा. आता तूच सांग.”

दादा खुर्चीत बसले आणि सांगत गेले. तिचं माहेर, तिची शेतातली घाई, तिचा हट्ट. काकाजी मध्ये एकदाच “मंग?” म्हणाले. चहा मी दोनदा गरम केला.

त्यानंतर दादा दीड वर्ष जगले. दोघं दर आठवड्याला फोनवर भांडत. या हिवाळ्यात दादा गेले. तिथे गेलेले सांगतात की शेडखाली सगळ्यांनी काकाजींकडे पाहिलं. ते उठले, हात जोडले आणि खाली बसले.

घरी येऊन त्यांनी सुनेला सांगून पॉडकास्टचे सगळे भाग काढून टाकले. दादांनी आपल्या बायकोविषयी सांगितलेला तेवढा ठेवला. एकोणचाळीस मिनिटांचा आहे. अजून आहे.