बिल्ले जमा केल्याची पावती

तेरा वर्षांची होईपर्यंत मी तीनदा शपथ घेतली. पहिल्यांदा ईश्वर आणि महाराज यांच्याशी इमान राखण्याची. मग ग्वाल्हेर राज्य मध्यभारतात गेलं, महाराज राजप्रमुख झाले, आणि आमच्या गाइड पथकाच्या बहनजींनी सगळ्या मुलींना पुन्हा रांगेत उभं करून महाराजांच्या जागी देश घालून शपथ म्हणवून घेतली. मी विचारलं, पहिली मोडली का? त्या म्हणाल्या, "टूटी नहीं, बेटी, बदली है।" फरक काय ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कोणी समजावून सांगितलं तर ऐकायची माझी तयारी आहे. तिसऱ्या शपथेची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिच्यात चूक बहनजींची नव्हती.

आमच्या पायऱ्या अशा होत्या: आधी कोमलपद, मग द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी. कोमलपद सगळ्यांनाच मिळायचं, शपथ आणि थोडं झेंड्याचं ज्ञान असलं की झालं. द्वितीय श्रेणीला मात्र घाम निघायचा. गाठी मारायच्या, तिकोनी पट्टी बांधायची, दोन झेंड्यांनी निरोप पाठवायचा, आगपेटीच्या दोनच काड्यांत चूल पेटवायची. एकेक गोष्ट जमली की प्रगती-पुस्तिकेत सही मिळायची, आणि सगळ्या सह्या झाल्या की बाहीवर बिल्ला.

मला तो बिल्ला का हवा होता ते सांगते. देशसेवा वगैरे काही नाही. मला आबांचा सलाम हवा होता.

आबा, म्हणजे माझे वडील, राज्याच्या पलटणीत सुभेदार होते. आमचं बिऱ्हाड खासगी बाजारामागच्या गल्लीत. सकाळी ते परेडला निघायचे तेव्हा मी गणवेशाची टोपी घालून दारात उभी राहून तीन बोटांचा गाइडचा सलाम ठोकायची. ते हसून माझी वेणी ओढायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "आबा, सलामाला जबाब द्यायचा असतो, तुम्हीच तर सांगता." तर म्हणाले, "कोमलपदाला कसला जबाब? दुसरी श्रेणी पास हो, मग बघू."

मग मी काय सोडते! घरातल्या सगळ्या नाड्या, दोऱ्या, पाळण्याचे दोर गाठींनी भरले. विणकरांची जुलाहा गाठ मला बिर्ला नगरच्या एका मैत्रिणीनं शिकवली. तिचे वडील गिरणीत मागावर होते आणि तुटलेला धागा ते डोळे मिटून जोडायचे. चूल पेटवताना मी एक काडी वाया घालवली आणि दुसरीला अक्षरशः हात जोडले. पण पास झाले. आईनं बाहीवर बिल्ला शिवला, त्याखाली स्वयंपाकाचा आणि प्रथमोपचाराचा असे दोन छोटे बिल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले. आबांनी माझ्या बाहीकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि पलटणीतला खराखुरा, कडक सलाम दिला. समोरचा हलवाई कढईतली पळी तशीच धरून बघत राहिला. त्या दिवसापासून रोज. वर्षभर एक दिवस चुकला नाही.

नंतर मात्र सगळंच एकदम विलीन व्हायला लागलं. हा शब्द त्या काळात इतका ऐकला की मला वाटायचं, हा एखादा रोगच असावा. आबांची पलटण भारतीय सेनेत विलीन झाली. कोण राहणार, कोण जाणार याची छाननी झाली आणि वयामुळे आबांना घरी पाठवलं. त्याच महिन्यात आमची स्काउट-गाइड संस्था आणि दुसरी तसलीच एक संस्था मिळून एक झाल्या. आमचा गळ्यातला रुमाल निळा, त्यांचा केशरी. आता कुठला बांधायचा ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आम्ही काही दिवस रुमाल दप्तरात ठेवून कवायत केली.

आबांनी किट जमा केलं. पट्टा, बूट, बटणं, राज्याचं चिन्ह असलेली टोपी, सगळं यादीप्रमाणे. त्यांच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांची टोपी त्या आठवड्यात नेमकी हरवली, म्हणजे कोणाच्या संदुकीत, कोणाच्या देवघरात. आबांची हरवली नाही. त्यांनी ती ब्रशनं साफ केली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि देऊन आले. पावती घेतली.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेतून परिपत्रक घेऊन आले. जुन्या श्रेणींची पडताळणी होईल, पुस्तिका स्काउट कचेरीत जमा कराव्यात, एवढंच त्यात होतं. आबांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि बिल्ल्यांचं काय?"

"बिल्ल्यांचं काही लिहिलेलं नाही, आबा."

"लिहायचं राहिलं असेल. बिल्ल्यावर राज्याचं चिन्ह आहे ना? मग तो राज्याचा माल. राज्य गेलं की माल जमा. नवं सरकार नवा देईल."

आई म्हणाली, "अहो, पोरीच्या बाहीवरचं कशाला काढून राहिलात? दुसरं कोणी काढून राहिलंय का?"

"दुसऱ्यांचं मला मालूम नाही," आबा म्हणाले. "काढ."

आईनं ब्लेडनं टाके उसवले. मला रडू येत होतं, पण कशासाठी रडायचं तेच नक्की ठरत नव्हतं. आबा चुकतायत असं वाटत होतं, आणि शिस्तीच्या बाबतीत आबा कधी चुकत नाहीत हेही मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकदम खरं कसं असणार?

कचेरीतला बाबू तर आमच्याहून गोंधळला. पुस्तिका त्यानं घेतली, पण बिल्ले बघून म्हणाला, "सूबेदार साहब, ये तो कोई जमा नहीं कर रहा।" आबा म्हणाले, "तो आप पहली एंट्री कर लीजिए।" पावती मिळाल्याशिवाय ते हलायचे नाहीत हे त्यानं ओळखलं. नवे कागद छापून आले नव्हते. त्यानं जुन्या राज्याचा छापील कागद घेतला, वरचं नाव खोडलं, आणि खाली लिहिलं: बिल्ले, तीन नग, पुस्तिका एक. आबांनी ती पावती घडी करून माझ्या हातात दिली. "संभाळ. हिच्यावर सगळं परत मिळतं."

मिळेल की नाही ही माझी खरी काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी नेहमीसारखी दारात उभी राहिले. आबा धोतर-बंडीत बाहेरच्या बाकावर बसले होते. आता त्यांना कुठे जायचं नव्हतं. मी सलाम केला. ते उठले, ताठ उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सरळ. पण हात वर गेला नाही. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मी बाहीवरच्या त्या तीन गडद निळ्या चौकोनांकडे पाहिलं, जिथलं कापड उन्हानं विटलं नव्हतं, आणि हिशेब सरळ होता. बिल्ला नाही तर श्रेणी नाही, श्रेणी नाही तर जबाब नाही. सुभेदार कुठे उघड्या बाहीला सलाम करतात! स्वतःच काढायला लावायचा आणि स्वतःच सलाम बंद करायचा, हा कुठला न्याय? पडताळणी झाली की बिल्ला येईल, बिल्ल्याबरोबर सलाम येईल, असं मी मनात धरून बसले.

उन्हाळा लागला आणि राजधानी इंदूरला गेली. मध्यभारताची राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. फायली, खुर्च्या, बाबू, सगळं गाडीत भरून जायचं. त्यात आमच्या पुस्तिकांची पेटीही गेली. माझ्या तीन बिल्ल्यांसकट.

शाळा उघडल्यावर नव्या संस्थेच्या परीक्षक बाई आल्या. पेटी अजून इंदूरलाच होती, कुठल्या खोलीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई काही दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, पुस्तिका नाही तर नाही, जिच्या बाहीवर जो बिल्ला आहे ती तिची श्रेणी मी मान्य करते. झालं. साऱ्या मुली पुढे जाऊन बाही दाखवत होत्या. पट्टी बांधायची डॉक्टरी गाठ मारायला सांगितली तर चुलीच्या लाकडांची मोळी बांधल्यासारखी बांधणारी एक मुलगी बघता बघता द्वितीय श्रेणीत गेली. मी पावती पुढे केली.

"यह क्या है?"

"रसीद, जी. मेरे बैज की।"

बाईंनी खोडलेलं नाव वाचलं, कागद उलटा करून पाहिला. मागे मुली खिदळल्या. "बेटी, यह राज तो अब है ही नहीं। मैं इसे किसकी मानूँ?"

मी म्हटलं, "मुझसे गाँठ लगवा लीजिए।" त्या म्हणाल्या, परीक्षा होईलच, पण क्रमानं, आधी कोमलपदापासून. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आई म्हणायची. माझ्या हाती तर धुपाटण्याची पावती होती.

तिसरी शपथ मी त्या रविवारी शाळेच्या मैदानावर घेतली. रांगेत नऊ-दहा वर्षांच्या मुली, आणि त्यांच्यात मी, सगळ्यांपेक्षा हातभर उंच. लाज वाटत होती आणि राग येत होता, रागच जास्त. फाटकाशी पालकांची गर्दी होती. आबा आले होते. मी शपथ म्हटली, तीन बोटं वर नेली आणि सरळ त्यांच्याकडे बघून सलाम केला. आज तरी, असं वाटलं. शेजारचे लोक टाळ्या वाजवत होते. आबांनी टाचा जुळवल्या, ताठ उभे राहिले. हात खालीच.

घरी आल्यावर मी फुटले. "सगळं तुमच्यामुळे झालं! बिल्ले तुम्ही काढायला लावले. मी काय मुद्दाम कोमलपदात गेले? इतके दिवस मी रोज सलाम करून राहिलेय आणि तुम्ही नुसते उभे. एवढी खालची झाले का मी?"

आई चुलीपाशी थांबली. आबांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"बिल्ल्याची चूक माझी झाली," ते म्हणाले. आबांच्या तोंडून हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "पण सलामाचं तुझ्या बिल्ल्याशी काही नाही गं. उघड्या डोक्यानं सलाम करत नाहीत. उभं राहायचं फक्त." त्यांनी नकळत कपाळावर हात नेला, जिथे टोपीची कड असायची तिथे. "टोपी जमा केली ना मी."

लग्नाकार्याचा फेटा सोडला तर त्यांच्याकडे दुसरं डोक्यावर घालायचं काहीच नव्हतं. वीस वर्षांत लागलंच नव्हतं. इतके दिवस रोज सकाळी ते मला जबाबच देत होते, आणि तो जबाब आहे हे मला ओळखता आलं नव्हतं.

द्वितीय श्रेणी मी पुन्हा मिळवली, त्याला वर्ष लागलं. जुने बिल्ले कधीच आले नाहीत. पण त्या शपथेच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगायचं तर, मी गणवेश घातला आणि टोपी दप्तरात टाकली. दारात आल्यावर आबा बाकावरून उठले. मी हात वर नेला नाही. टाचा जुळवल्या, हात बाजूला सरळ ठेवले आणि त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं सावधान उभी राहिले.

हलवायानं पळी कढईत ठेवली आणि विचारलं, "आज सलाम नहीं हुआ क्या, सूबेदार साहब?"

"हो गया," आबा म्हणाले.