हरकतीच्या कागदातलं गाव

बोगोमिला क्रावान्याला संशयाचं व्यसनच होतं. बाजारात मधाची बाटली घेतली तरी ती उजेडाकडे धरून बघायची. राजधानी ल्युब्लियानातल्या, लोकांची खाजगी माहिती जपणाऱ्या माहिती-संरक्षण कार्यालयात मात्र या स्वभावावरच तिचं पोट चालत होतं.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी परदेशातल्या अशाच एका कार्यालयाकडून एका निकालाचा मसुदा आला.

"बरोब्बर आत्ता!" ती कडाडली. "अर्धा देश समुद्रात डुंबायला गेला, की यांना काम सुचतं!"

तक्रार मिलोयकाची होती. मिलोयका बेकरीत कामाला. पावलं मोजणाऱ्या एका ॲपने तिचा रोजचा रस्ता तिला न विचारता 'ओळखीच्यांना' दाखवला, आणि त्यांत तिने सोडलेला नवरा होता. तो दारात येऊन उभा राहिला. बिचारीला गाव सोडावं लागलं. कंपनीचं मुख्य ठाणं दुसऱ्या देशात, म्हणून निकालही तिथलंच कार्यालय देणार. मसुद्यात लिहिलं होतं: किरकोळ चूक, प्रकरण बंद. चार आठवड्यांत इतर देशांच्या कार्यालयांपैकी कुणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांची संमती धरली जाणार होती.

साहेब, तादेय, सुट्टीवर निघाले होते. "बोगोमिलाबाई, हरकत कशाला? गोड शब्दांत टिप्पणी पाठवा. संबंध सांभाळावे लागतात."

"टिप्पणी ते फायलीत कोंबतात, साहेब. हरकतीला उत्तर द्यावं लागतं."

"मग धोका सिद्ध करा. नुसती कुरकुर तिकडे चालत नाही."

याला तिकडून कुणी पढवलंय की काय? तिच्या मनात पाल चुकचुकली. हट्टाने तिने अकरा पानं लिहिली. धोका खरा वाटावा म्हणून मिलोयका कुठून कुठे गेली, आता कोणत्या बेकरीत आहे, सगळं घातलं. मग एकदा नजर टाकायला तिलाच बोलावलं.

मिलोयका आली ती फोन घरी ठेवून. खुर्चीवर बसायच्या आधी तिने विचारलं, "हे कोण कोण वाचणार?"

"सगळ्या देशांची कार्यालयं. उत्तरासाठी कंपनीलाही दाखवतील."

"आणि हे माझं नवं गाव? तेही वाचणार?" मिलोयकाने त्या ओळीवर बोट ठेवलं.

बोगोमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला आपल्याच कागदाचा संशय आला नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "काढते."

"नुसतं काढते म्हणू नका. मोठ्याने वाचा, सगळं. माझा आता कुणावर भरवसा नाही."

"बरं करता," बोगोमिला मनापासून म्हणाली.

दुपारभर ओळ न् ओळ वाचून झाली. गाव गेलं, बेकरी गेली. 'घर बदलावं लागलं' एवढंच राहिलं. सव्विसाव्या दिवशी, तादेयसाहेबांनी समुद्रावरून फोनवर कुरकुरत होकार दिल्यावर, हरकत गेली.

नोव्हेंबरात सुधारलेला मसुदा आला. उल्लंघन गंभीर ठरलं होतं, रस्ते दाखवणं कंपनीला बंद करावं लागणार होतं. या वेळी कुणीच हरकत घेतली नाही. बोगोमिलाने लगेच मिलोयकाला फोन लावला. नंबर बंद झाला होता.

निकालाचं पत्र मिलोयकाच्या वकिलामार्फत जाणारच होतं, पण ही बातमी आपल्या तोंडून सांगावी असं तिला फार वाटत होतं. मिलोयकाचं नवं गाव तासाभरावर होतं आणि बेकरीचं नावही तिला ठाऊक होतं. तिने फोन खाली ठेवला. कपाटातून गावाचं नाव असलेला पहिला खर्डा काढला आणि कागद फाडायच्या यंत्रात एकेक पान घातलं.