आईच्या खोलीतल्या सात कुंड्या

दिवाळीनंतर आई मुरबाडकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे, शहापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. जन्मभर चुलीचा धूर खाल्लेली छाती तिची. चार पावलं चालली की दम लागायचा. तिला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. घरातली हवा शुद्ध करणारी झाडं! झालं, माझ्या डोक्यानं घेतलं. स्नेक प्लँट, स्पायडर प्लँट, मनी प्लँट अशा सात कुंड्या तिच्या खोलीत मांडल्या आणि हायवेची धूळ नको म्हणून खिडकी घट्ट लावून टाकली. मी पडले शिक्षिका. अर्धवट ऐकून पूर्ण शिकवायची सवय.

“खिडकी जराशी उघडू का गो?” आई विचारायची.

“अगं, झाडं आहेत ना हवा साफ करायला!”

ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांच्यासमोर विचारायचे, “आई, आता दम लागत नाही ना?”

“नाय,” ती म्हणायची, आणि मी फुशारून चहा टाकायला जायचे.

फेब्रुवारीत एकदा शाळा लवकर सुटली. घरी येते तर आई जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या जाळीशी बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. शेजारीण म्हणाली, “रोजच बसतात इथे. तुमची यायची वेळ झाली की आत जातात.”

“मला सांगितलं का नाहीस?” मी तिच्यावरच खेकसले.

“तू एवढ्या हौसेनं आणलीस झाडं, बाय. कसं सांगू?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “एवढा त्रास कधीपासून आहे?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच बोलली. धापा टाकत बोलली. “दोनच दिस झाले. लेकीनं लगेच आणलं मला.”

डॉक्टरांनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. तीन महिने, एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी कागदावर ‘दोन दिवस’ लिहिलं आणि म्हणाले, “वेळेवर आणलंत, बरं केलंत.”

मी त्यांना “थँक्यू” म्हटलं.