चार लोकांत बसायचे दात

लवंगेच्या तेलाचा वास आला की माझं डोकं अजूनही तडकतं. माघातली ती सकाळ होती. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगरातल्या दवाखान्याच्या काचेतून कोवळं, निरुपद्रवी ऊन आत येत होतं, खाली हातगाड्यांवर जवळच्या पाटणकडच्या मटाराचे हिरवे ढीग लागले होते, आणि केसाच्या जाडीचा फरक ओळखण्यात सारी हयात घालवलेला मी, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, त्या आडव्या खुर्चीत तोंड वासून पडलो होतो. तोंडात उरलेले शेवटचे पाच दात हलत होते आणि त्यांच्या भवितव्याची बोलणी माझ्या डोक्यावरून चालली होती. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. माझ्याकडे न पाहता तो माझ्या मुलाला, उमेशला, सांगत होता, "अंकल जी की उमर देखते हुए दोनों चीज़ें हो सकती हैं, आप डिसाइड कर लीजिए."

दोन्ही म्हणजे काय, तर एक साधी, हिरडीवर नुसती टेकणारी, काढता-घालता येणारी कवळी. नाहीतर जबड्याच्या हाडात धातूचे स्क्रू रुतवायचे, ते हाडाशी एकजीव होईपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यांच्यावर पक्के दात बसवायचे. उमेशला पक्के हवे होते. "बाबा, आता हट्ट करू नका," असं तो इतक्या समंजसपणे म्हणाला, की तो समंजसपणाच मला झोंबला. ज्याला मी बोट धरून चालवलं तो आता माझा जबडा चालवणार होता. मी ताडकन उठलो आणि साधी कवळी सांगून मोकळा झालो. तो निर्णय दातांचा नव्हता, रागाचा होता. म्हातारपणी माणसाच्या हाती नकार तेवढा उरतो आणि तो मी सढळ हाताने वापरत होतो.

ते पाच दात काढून हिरड्या भरून येईपर्यंत फाल्गुन उजाडला. बाहेर आंब्याचा मोहर घमघमत होता आणि माझ्या तोंडाला गुलाबी प्लास्टिकची बेचव चव लागून राहिली होती. खालची कवळी एका कडेला टोचायची. डॉक्टरने टोचल्यास या असं बजावलं होतं, पण त्या पोराकडे पुन्हा जायचं माझ्या जिवावर आलं. घरी बारीक कानस होती आणि हातात चाळीस वर्षांचं कसब होतं. मी अंगणातल्या उन्हात बसून कवळी स्वतःच घासली. लोखंड मापात राहतं, हिरडी राहत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तसं झालं. टोचणं थांबलं, पण कवळी अशी सैल झाली की बोलताना उचलली जायची.

त्या दुपारी ज्वारीची भाकर होती. प्रत्येक घासाला कवळी हलायची, खाली कण शिरायचे, आणि हिरडीतून कळ थेट कानशिलात जायची. मी घास ताटातच थुंकला. डॉक्टरला बोललो, उमेशला बोललो, आणि शेवटी भाकर कडक केली म्हणून हिला, माझ्या बायकोला, वाट्टेल तसं बोललो. तिने ताट उचललं.

"काहून चिडून राहिले? ते दात काय जेवायले असतात? चार लोकांत बसायले असतात. जेवताना मी काढूनच ठेवते ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीठ कुठे ठेवलंय हे सांगावं तसं ती सांगत होती. अकरा वर्षांपूर्वी दीक्षितपुऱ्यातल्या एका डॉक्टरने तिला कवळी करून दिली होती, आणि ती घातल्यावर ही पुन्हा तरुण दिसते म्हणून मी स्वतःवरच खूश झालो होतो. आमच्या घरची रीत अशी की बाई सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघरात जेवते. तिच्या ताटात काय असतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी दारात उभा राहून पाहिलं: वरणात कुस्करून लगदा केलेली भाकर, आणि शेजारच्या वाटीत पाण्यात बुडवलेले दात. इतकी वर्षं जेवायला उशीर लावते म्हणून मी तिच्यावर खेकसत आलो होतो. मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्याच आठवड्यात उमेशला सोबत घेऊन तिला त्याच पोराकडे नेलं. म्हटलं, हिला बसवा पक्के. त्याने जबड्याचा एक्स-रे काढून बराच वेळ न्याहाळला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलला. दात नसले की तिथलं हाड वर्षागणिक झिजत जातं. हिचं फार थोडं उरलंय, त्यात साखर वाढलेली. "माताजी के लिए मैं रिस्क नहीं लूँगा. कुछ साल पहले लाते तो हो जाता. आपकी हड्डी अभी अच्छी है."

"अच्छा, मग तुम्ही करून घ्या," ती मला म्हणाली. "एकाचे तरी होतील."

डॉक्टर माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी तिच्याकडे पाहिलं. एवढं बोलून झाल्यावर तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते, खालची कवळी जागेवर राहावी म्हणून. ते ओठ मिटणं मी अकरा वर्षं तिचा शांत स्वभाव समजत आलो होतो.