घोट्याची पकड

माझा मुलगा इथं जर्मनीत, एर्लांगेनला विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळायचा. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं करायचं, असा तो खेळ. गेल्या वसंतात हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याला तुडवलं. अंगानं तो माझ्यावर गेलाय, किडकिडीत. ओठ फाटला, नाकातलं रक्त हनुवटीपर्यंत आलं, आणि त्याच्या अंगावरून एकजण सरळ पुढे निघून गेला. पुढच्या सामन्यातही तेच. प्रशिक्षकानं सांगितलं, कुणाला पाडता येत नसेल तर तुझी जागा दुसऱ्याला. मुलगा घरी बर्फाची पिशवी तोंडाला लावून बसून राहिला. ती जागा त्याला किती हवी होती हे मला दिसत होतं. मला ती त्याच्याहून जास्त हवी होती.

मी कॉलेजात कबड्डी खेळलोय, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा आणि त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच मला यायचं, पण ते पक्कं यायचं. घरामागच्या गवतावर मी त्याला ते शिकवायला घेतलं.

"छातीकडे बघू नकोस. पाय कुठं पडणार ते बघ, आणि आधीच तिथं पोच."

त्याला मराठी समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. असले खेळ किंडरगार्टनमध्ये खेळतात, म्हणाला आणि हसला. मी त्याला पळायला लावलं आणि घोटा धरून तोंडावर आपटलं. उठला तेव्हा दातांत माती होती.

बायको बाल्कनीतून ओरडली, "अरे, पोरगा आहे तो, रेडा नाही!"

"नोखमाल," मुलगा म्हणाला. पुन्हा एकदा.

त्यानंतर संघ जिंकायला लागला. मुलगा घोटा धरायचा, पळणारा एका पायावर लटकायचा, आणि संघातला एक धिप्पाड गडी खांदा खाली घालून त्याच्या बरगड्यांत घुसायचा. कुणाचं मनगट मोडलं, कुणी शिरस्त्राणातच ओकला. ते आदळण्याचे आवाज मला गोड लागायचे. दिवसभर ऑफिसात गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवणारा मी मैदानाच्या कडेला घसा बसेपर्यंत ओरडायचो, "झोपव त्याला! उठू देऊ नकोस!" शेजारी उभे असलेले इतरांचे आईबाप कौतुकानं हसायचे. मी काय बोलतोय ते तिथं एकट्या मुलाला कळायचं.

शेवटचा सामना म्युनिकच्या संघाशी होता. त्यांचा सगळ्यात चपळ खेळाडू मुलानं पकडला. तो एका पायावर उड्या मारत "लास लोस!" ओरडत होता, सोड म्हणून. पंचांची खेळ थांबवायची शिट्टी वाजली. मी ती ऐकली. तरी माझ्या तोंडून निघालं, "सोडू नकोस!" आणि पुढच्याच क्षणी धिप्पाड गडी येऊन धडकला.

कबड्डीत आम्ही अनवाणी असायचो. मातीत पाय घसरतो, माणूस पडतो, उठून कपडे झटकतो. इथं बुटांना खिळे होते आणि ते ओल्या गवतात रुतलेले होते. धड एकीकडे गेलं, पाय जिथल्या तिथं राहिला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. गुडघा उलटा वळला होता. मग त्या खेळाडूची किंकाळी सुरू झाली ती रुग्णवाहिकेचं दार लागेपर्यंत थांबली नाही.

माझ्या मुलाला सामन्यातून बाहेर काढलं. गाडीत मीच त्याला विचारलं, "शिट्टी ऐकली नाहीस का?"

 या वेळी तो मराठीत बोलला, शब्द जुळवत. "ऐकली. मी सोडला होता, बाबा. तू ओरडलास म्हणून परत धरला."

मी प्रशिक्षकाकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हात तुमचे नव्हते. पुढच्या हंगामासाठी मुलावर बंदी आली. ती संपायची वाट न बघता त्यानं संघच सोडला.

आता तो म्युनिकला त्या जखमी मुलाला भेटायला जातो. तो खेळाडू अजून कुबड्यांवर आहे, एवढंच त्यानं मला सांगितलं. परवा मुलगा निघाला तेव्हा मीही बूट घातले.

"तू कोण म्हणून येणार?" त्यानं दारात विचारलं.

चिडून नव्हे. उत्तरासाठी तो खरंच थांबला होता. मी बुटांच्या नाड्या सोडायला वाकलो, तेव्हा त्यानं दार हळूच लावून घेतलं.